तिसरी पिन

सौदामिनीबाई मुखेडकरांच्या घराला अर्थिंग नाही, ही बातमी नांदेडच्या शिक्षक कॉलनीत दुपारी सव्वाबाराला फुटली आणि एक वाजायच्या आत कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत पोचली. एरवी कोणाच्या घराला अर्थिंग आहे की नाही याची कोणाला पडलेली नसते. पण बाईंनी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं, आणि 'घरगुती वीजजोडणी' हा धडा त्या इतक्या आवडीनं शिकवायच्या की त्यासाठी भूगोलाचे दोन तास मागून घ्यायच्या. प्लगची तिसरी पिन जाड का, लांब का, तिला हिरवी वायर का, हे कॉलनीतल्या निम्म्या लोकांना बाईंच्या पट्टीमुळं आजही झोपेत सांगता आलं असतं.

त्याचं झालं असं, की बाईंनी इलेक्ट्रिक कार घेतली. ती का घेतली याची चर्चा कॉलनीनं केलेली आहे, आपण करायला नको. कार गॅरेजमध्ये हार घालून उभी होती, आणि कंपनीचा माणूस चार्जर बसवायला आला होता. सत्यम त्याचं नाव. त्यानं गॅरेजच्या भिंतीतल्या सॉकेटला मीटर लावला, मीटरकडं बघितलं, मीटर हलवला, परत लावला. मग बोर्ड उघडला. हिरवी वायर होती. ती बोर्डातून निघून वीतभर भिंतीत गेली होती आणि तिथंच संपली होती. तिच्या टोकाला कोणीतरी नीट चिकटपट्टीसुद्धा लावलेली होती.

"म्याडम, तुमच्या घराला अर्थिंगच न्हाई," सत्यम म्हणाला.

बाईंनी चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं. ती वायर एकोणतीस वर्षं कुठंही न जाता तिथं बसून होती, आणि भिंतीच्या अलीकडं बाई त्याच वायरीवर प्रश्नपत्रिका काढत होत्या.

सत्यमनं नियम सांगितला. अर्थिंगशिवाय चार्जर बसणार नाही. शिवाय घराचा मंजूर लोड दोन पंखे आणि एका मिक्सरच्या काळातला होता, तो वाढवून घ्यावा लागणार होता. खड्डा मारा, लोड वाढवा, मग फोन करा, असं म्हणून त्यानं चार्जरचा खोका सोफ्यावर ठेवला आणि तो गेला.

तो गेल्याच्या पाचव्या मिनिटाला शेजारचे शेषेराव आले. शेषेरावांची बिलोलीकडं शेती, इथं घर, आणि एक इलेक्ट्रिक स्कूटर. ती स्कूटर रोज खिडकीतून सोडलेल्या वायरीवर चार्ज व्हायची. वायर आंब्याच्या फांदीवरून यायची आणि पाऊस आला की गुणाबाई, म्हणजे शेषेरावांच्या मंडळी, तिच्यावर युरियाची रिकामी थैली घालायच्या. शेषेरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि सल्ला दिला, की हे कंपनीवाले उगीच भेव घालून राहिले. स्वयंपाकघरातल्या बोर्डाला वायर लावायची, खिडकीतून काढायची, काम झालं. त्यांना तीन वर्षं झाली, काही सुदिक झालं नव्हतं. गरज पडली तर वायर ते स्वतःची द्यायला तयार होते.

बाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. पाचवी ब मध्ये ज्यानं उत्तर पाठ करून चुकीच्या प्रश्नाखाली लिहिलंय अशा मुलाकडं बघतात तसं.

"शेषेराव," त्या म्हणाल्या, "ही गाडी वर्षभर उभी राहिली तरी चालेल, पण अर्थिंगशिवाय तिला वायर लागणार नाही."

हे वाक्य त्या गॅरेजच्या दारात, जरा मोठ्यानं बोलल्या, हीच चूक झाली. संध्याकाळपर्यंत ते वाक्य सगळ्यांना पाठ होतं, आणि अशा वाक्यातून माघार घेता येत नाही. त्यातच त्यांनी लातूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आधीच लिहून टाकलं होतं, की पुतणीच्या साखरपुड्याला आम्ही आमच्या इलेक्ट्रिक गाडीनं येत आहोत. पुतणी मुग्धा, म्हणजे धाकट्या दिराची, राघवेंद्ररावांची मुलगी. दिरांनी त्यावर हसण्याची तीन चित्रं टाकली होती. साखरपुड्याला पाच आठवडे होते.

बाईंचे यजमान उद्धवराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचा स्वभाव असा, की घरात काही वाद झाला तर ते कढीपत्त्याच्या झाडाला पाणी घालायला जात. त्या आठवड्यात झाडाखाली तळं साचलं.

वीज कार्यालयात बाई सोमवारी गेल्या. खिडकीतल्या बाबूनं मीटरचा नंबर टाकला आणि सांगितलं, की अर्जदार स्वतः यायला पाहिजे. मीटर व्यंकटराव मुखेडकरांच्या नावावर आहे. बाई म्हणाल्या, ते माझे सासरे, त्यांना जाऊन सोळा वर्षं झाली. बाबू जरा हळहळला. मग म्हणाला, की मग त्यांच्या मोबाईलवर एक नंबर येईल तेवढा सांगा. सासऱ्यांच्या हयातीत घरात फोन होता तो भिंतीवरचा, आणि तोही ते उचलत नसत. बाईंनी हे सांगितलं. बाबूनं ते शांतपणे ऐकलं आणि मृत्यूचा दाखला, वारसांचं शपथपत्र, घराची टॅक्स पावती आणि सगळ्या वारसांच्या सह्या अशी यादी दिली. सगळ्या वारसांत राघवेंद्रराव आले. त्यांची सही लातूरहून आली, पण कागदावर खाली त्यांनी 'वहिनी, डिझेल घ्या' असं पेन्सिलीनं लिहून पाठवलं होतं. बाबूनं तो कागद परत केला, कारण शपथपत्रावर जादा मजकूर चालत नाही.

दुसरा कागद आला. बाबू बदलून गेला होता. नव्यानं सगळं पहिल्यापासून विचारलं, आणि लोड कशासाठी वाढवायचा या रकान्यात 'कार' लिहिलेलं बघून म्हणाला, की गॅरेज टाकून राहिलात का, मग हा व्यापारी अर्ज लागतो. बाईंनी त्याला समजावलं. खिडकीपाशी रांग होती. रांगेला आधी राग आला, मग रांगही ऐकायला लागली, आणि शेवटी मागचा एक माणूस म्हणाला की बाई, मी तुमच्याकडं आठवीला होतो. त्यानंच बाबूला विनंती केली. तरीही तारीख पुढच्याच आठवड्याची मिळाली, पण निदान चहा मिळाला.

इकडं खड्ड्याचं काम सुरू झालं. आठ फूट खोल खड्डा, त्यात तांब्याची पट्टी, भोवती मीठ आणि कोळसा, असं सत्यमनं लिहून दिलं होतं. खोदायला पंचफुला आणि तिचा नवरा आले. नवरा बसून सांगायचा आणि पंचफुला खोदायची. पहिला खड्डा गेटपाशी घेतला, तिथं चार फुटांवर नळाची पाइपलाइन निघाली. निघाली म्हणजे फुटली. कॉलनीचं पाणी दीड दिवस बंद राहिलं. या दीड दिवसात बाईंच्या घरी जितके लोक विचारपूस करायला आले तितके त्यांच्या निवृत्तीलाही आले नव्हते. दुसरा खड्डा गॅरेजमागं घेतला, तिथं पाच फुटांवर काळा दगड लागला. पंचफुलानं कुदळ टेकवली आणि कपाळावरचा घाम पदरानं पुसला.

"बाई, खाली समदा दगड हाय," ती म्हणाली. "आता एकच जागा ऱ्हायली, त्या झाडाची."

ते कढीपत्त्याचं झाड होतं. उद्धवराव पाण्याचा डबा घेऊन तिथंच उभे होते. त्यांनी झाडाकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, आणि डबा खाली ठेवून आत जाऊन पेपर वाचू लागले. बाईंना आत कुठंतरी वाईट वाटलं. पण झाडाच्या मुळाशी माती मऊ होती आणि ओल होती, शास्त्राप्रमाणं यापेक्षा चांगली जागा नव्हती. झाड गेलं.

तीन खड्डे, मिठाची पोती, कोळसा आणि तांबं. आता कॉलनीला गप्प बसवणं कोणाच्या हातात नव्हतं. गुणाबाई एका दुपारी लोणचं द्यायच्या निमित्तानं आल्या आणि अगदी जवळ येऊन विचारत्या झाल्या, की बाई, खरं सांगा, काही निघालं का. बाईंना कळेना. गुणाबाईंनी आवाज आणखी खाली आणला. माहूरच्या रस्त्याला एका घरात असंच हंडा निघाला होता म्हणे. तिथंबी मीठच टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी बीटवरचे हवालदार आले. गुप्तधनासाठी खड्डे खणून राहिल्याचा फोन आला होता, कोणाचा ते त्यांनी सांगितलं नाही, आणि शेषेराव त्या वेळी आपल्या अंगणात स्कूटर फार काळजीपूर्वक पुसत होते. हवालदारांनी खड्ड्यात डोकावलं. बाई त्यांना ओसरीवर घेऊन आल्या, खडू आणला, आणि फरशीवर घर, खांब, फेज, न्यूट्रल आणि जमीन काढून पाऊण तास अर्थिंग शिकवलं. मध्ये दोनदा प्रश्न विचारले. हवालदारांनी दुसऱ्याचं उत्तर बरोबर दिलं. जाताना त्यांनी डायरीत काय लिहिलं ठाऊक नाही, पण 'आमच्या चौकीला बी बघायला पाहिजे' असं ते स्वतःशी म्हणत गेले.

या सगळ्या दिवसांत कार गॅरेजमध्ये उभीच. बाई रोज सकाळी तिच्यावरची धूळ पुसायच्या आणि मग आत बसून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, दहा मिनिटं समोरच्या भिंतीकडं बघायच्या. येणारा-जाणारा विचारायचा, बाई, आज कुठवर. बाई काच वर करायच्या.

साखरपुड्याला सहा दिवस राहिले आणि लोड मंजूर झाला. सत्यम आला. खड्ड्यातल्या पट्टीपासून जाड हिरवी वायर आणून त्यानं मीटर लावला, आणि या वेळी मीटर न हलवता मान डोलावली. चार्जरला वेगळी जाड केबल, वेगळा ब्रेकर, आणि करंट कुठं गळाला तर क्षणात वीज तोडणारी पेटी. बाईंनी ती पेटी सगळ्या घरालाही बसवायला सांगितली. सत्यम म्हणाला लागत न्हाई. बाई म्हणाल्या लागते. बसवली.

संध्याकाळी चारला बटन दाबायचं ठरलं तेव्हा गेटाबाहेर पंधरा-वीस जण होते. स्फोट बघायला आले होते असं म्हणणं बरं दिसत नाही, पण मुलांना आयांनी मागं धरलं होतं. बाईंनी चार्जरची गन, म्हणजे जाड केबलच्या टोकाचा प्लग, कारला लावली. चार्जरवर हिरवा दिवा लागला. बास. काही झालं नाही. लोक पाच मिनिटं थांबले, आणखी काहीच झालं नाही, तेव्हा निराश होऊन निघाले. बाई गॅरेजच्या दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. एकतीस वर्षांत एवढा सुंदर काहीच न होण्याचा प्रसंग त्यांनी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उद्धवरावांनी अंघोळीसाठी गीझर लावला आणि सगळ्या घराची वीज गेली. नव्या पेटीचं बटन पडलं होतं. वर केलं, गीझर लावला, परत पडलं. शेषेराव कुंपणावरून म्हणाले, बघा, मी सांगितलं होतं. बाईंनी तणतणत सत्यमला बोलावलं. पेटी खराब आहे, असं त्यांचं मत होतं.

सत्यमनं गीझर उघडला, टेस्टर लावला आणि विचारलं, "इथं अंघोळ कोन करतं?"

"मी," उद्धवराव म्हणाले.

"नळाला हात लावल्यावर काही होतं का साहेब?"

उद्धवरावांनी खांद्यावरचा टॉवेल नीट केला. मग बायकोकडं न बघता म्हणाले, की बोटांना झिणझिण होते. चार-पाच वर्षं झाली.

बाई स्टुलावर बसल्या. या झिणझिणीची त्यांना पूर्ण माहिती होती. तिला नसांचा त्रास हे नाव त्यांनीच दिलं होतं. दोन डॉक्टर झाले होते, गोळ्या चालू होत्या, सकाळी भिजवलेले बदाम चालू होते, आणि 'तुम्ही हालचाल करत नाही म्हणून होतं' हे वाक्य तर रोज चालू होतं. पेटी चांगली होती. गीझरमधून करंट गळत होता. पाच वर्षं त्यांचा नवरा रोज सकाळी विजेला हात लावत होता, आणि त्या शेजारच्या खोलीत शिकवणीला आलेल्या लोकांच्या मुलांना तिसऱ्या पिनचं महत्त्व शिकवत होत्या.

"म्हणजे मी बरा होतो," उद्धवराव म्हणाले. एवढंच.

बाईंनी त्या दिवशी जेवण केलं नाही. संध्याकाळी जाऊन एक टेस्टर विकत आणला आणि पर्समध्ये टाकला. कढीपत्त्याचं एक रोप आणलं, ते कुंडीत लावलं, आणि त्याला पाणी स्वतः घातलं.

साखरपुड्याच्या दिवशी लोहा, अहमदपूर, चाकूर करत गाडी लातुरात शिरली तेव्हा बाईंची मान इतकी ताठ होती की आरशात बघायला त्यांना अख्खं वळावं लागत होतं. राघवेंद्ररावांनी दारात स्वागत केलं. खिडकीतून एक पांढरी वायर बाहेर सोडून ठेवली होती, टोकाला झेंडूचं फूल बांधून.

"वहिनी, तुमच्या गाडीच्या चाऱ्याची सोय केलीय," ते म्हणाले, आणि पाहुण्यांत हशा झाला.

बाईंनी बघितलं. प्लगची तिसरी पिन तोडलेली होती, कारण ती सॉकेटात जात नव्हती. त्या काही बोलणार तेवढ्यात उद्धवराव म्हणाले, "नको, राघू. आम्ही नंतर रिंग रोडच्या चार्जिंग स्टेशनवर चार्ज करू." धाकट्या भावाला त्यांनी काही नको म्हटल्याचं बाईंनी लग्नापासून पहिल्यांदाच ऐकलं.

घरासमोर मांडव होता. वैशाखाचं ऊन. मुलाकडची चाळीसेक माणसं बसली होती, आणि त्यांच्यासाठी मांडवात पत्र्याचा मोठा कूलर लावला होता. कूलर गळत होता. खालची हिरवी जाजमं भिजली होती, त्याच ओल्यात वायरी पसरल्या होत्या, आणि चार-पाच लहान पोरं अनवाणी, कूलरच्या तोंडाशी आ करून आवाज काढायचा खेळ खेळत होती. धाकटी जाऊ मालविका लगबगीनं पाण्याची बादली घेऊन आली आणि कूलरजवळ थांबून पायात कोणाची तरी रबरी चप्पल सरकवली. बाईंनी विचारलं, हे कशाला.

"चप्पल घातल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही, ताई," मालविका म्हणाली. "धक्का देतो तो. आम्हाला सवय झालीय."

बाईंनी पर्स उघडली, पोरांना मागं सारलं आणि पत्र्याला टेस्टर लावला. लाल दिवा लागला. भर उन्हात दिसावा इतका लाल.

त्यांनी दिरांना बाजूला घेऊन सांगितलं. राघवेंद्रराव घामाघूम होते, भटजी मुहूर्ताचं बघत होते. ते म्हणाले, वहिनी, आता नको, अंगठी होऊ द्या, वीस वर्षांत आमच्याकडं कधी काही झालं नाही. बाईंनी कूलरचा प्लग शोधला. वायर जाजमाखाली शिरत होती आणि तिथून मांडववाल्यानं अशा गाठी मारल्या होत्या की त्यालाच ठाऊक नव्हतं कोणती कुठं जाते. त्यानं एक बटन बंद केलं, फोटोवाल्याचे दिवे गेले. दुसरं बंद केलं, सनई गेली. कूलर चालूच. इतक्यात एक पोरगी हातून सुटून परत ओल्या जाजमावर धावली. उद्धवरावांनी तिला दंडाला धरून उचललं.

बाई घरात गेल्या, जिन्याखालचा मेन स्विच शोधला आणि खाली ओढला.

पंखे थांबले. मांडवात एकदम शांतता झाली आणि मग एकदम गलका. मुलाचे मामा उठून उभे राहिले. राघवेंद्रराव आत आले, त्यांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांनी हात पुढं केला. बाई स्विचला पाठ लावून उभ्या होत्या.

"भावजी, माझा अपमान करायचा तर करा," त्या म्हणाल्या. "वायरमन आल्याशिवाय हे वर जाणार नाही."

दिरांनी बरंच ऐकवलं. पाहुण्यांसमोर नाक कापलं, गाडीचा माज आला, शाळा अजून सुटली नाही. बाईंना ते सगळं लागलं, कारण थोडं खरं होतं. पण त्या हलल्या नाहीत. तेव्हा उद्धवराव एक प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आले, बाईंच्या शेजारी स्विचखाली मांडली आणि बसले. थोरल्या भावाच्या अंगावरून हात घालून स्विच ओढणं राघवेंद्ररावांना जमेना.

वायरमन पाऊण तासानं आला. तोवर पाहुणे पत्रिकांनी वारा घेत होते. त्यानं कूलर उघडला, आतल्या मोटारीची उघडी पडलेली वायर पत्र्याला चिकटलेली दाखवली, आणि मग पोरांचे ओले पाय बघून स्वतःच खाली बसला. मुलाच्या मामांनीही ते पाहिलं. त्या पोरांतली दोन त्यांची होती. पत्रिकेनं वारा घेता घेता त्यांनी बाईंनाही दोनदा घातला.

कूलर मांडवाबाहेर गेला, वायरी उचलल्या, वीज आली. मुग्धाच्या बोटात अंगठी गेली, घामानं जरा सहजच गेली. राघवेंद्ररावांनी वायरमनला हळूच विचारलं की सगळं घर बघायला किती दिवस लागतील, आणि वहिनींकडं न बघता त्यांच्यापुढं सरबताचा ग्लास ठेवला.

पंगत बसली. उद्धवराव दिसेनात म्हणून मालविका शोधत आत आली, तर ते जिन्याखाली खुर्चीवर तसेच. तिनं सांगितलं, भावजी, सगळं झालं, चला जेवायला.

उद्धवरावांनी मान वर करून स्विचकडं एकदा बघितलं.

"परत कोणी तो कूलर आणून लावला तर?" ते म्हणाले. "माझं पान इथंच वाढ."